न मोजलेली त्रेचाळीस ताटं

नोव्हाय, अमेरिका, मंगळवार

प्रिय नेत्रा,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला लागत नाहीत. गिरीशमामा बरा आहे, निधीमामी बरी आहे, बर्फ गेलं, मागच्या अंगणात चिखल झालाय. झाली खुशाली. आता कामाचं. ह्या एप्रिलच्या तीस तारखेला तू त्या वृद्धाश्रमाच्या लोकांना तुझा तो सेकंदांचा आकडा देणार आहेस असं तुझी आई उल्का फोनवर म्हणाली. त्याच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडायला पाहिजे, म्हणून निधीला सांगून लवकर पोचणाऱ्या टपालाने पाठवतोय. फोन केला असता तर तू मधेच "आजोबा, असू दे हो" म्हणाली असतीस, आणि मीही असू दिलं असतं. आपण दोघं फोनवर फार लवकर असू देतो. कागद मधे बोलत नाही. अक्षर वाकडं दिसेल, तिकडे बघू नकोस. मजकूर सरळ आहे.

तुझं शिक्षण नक्की कशाचं, असं मला इथल्या मराठी मंडळात दर वेळी कोणीतरी विचारतं. मी सांगतो, गिरीशच्या कंपनीत गाडी पट्ट्यावरून पुढे सरकते, ती कुठे अडते आणि का अडते हे इंजिनियर घड्याळ घेऊन बघतात ना, तसं आमची नेत्रा दवाखान्यात, बँकेत, जेवणाच्या हॉलमध्ये माणूस कुठे अडतो ते बघते. परवा तो राजेश, मंडळाच्या जेवणांचं सगळं तोच बघतो, मला म्हणाला, "आजोबा, ह्याला इंजिनिअरिंग कशाला पाहिजे, हा तर कॉमन सेन्स आहे यार." मी म्हटलं, तुमच्याकडे तो होता तर गणपतीच्या जेवणाला सत्तर मिनिटं रांग का लागली? मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पण तुझा विषय मला ह्या सगळ्या डिग्रीवाल्यांपेक्षा जास्त कळतो. कारण त्याची पहिली यत्ता तू माझ्याजवळ केलीस.

मिरजेला तू मे महिन्यात यायचीस. ऐन लग्नसराई. मी गणू आचाऱ्याच्या हाताखाली वाढप्यांचा मुकादम. तू घरी आजीला छळायचीस म्हणून तुला कार्यालयात घेऊन जायचो आणि हातात मिठाची वाटी द्यायचो. नवीन वाढप्याला आधी मीठच देतात, सांडलं तरी कोणाला भाजत नाही. तू सात वर्षांची होतीस. मला विचारलंस, मीठ पहिलं का? दुसरा कोणी असता तर शास्त्र आहे म्हणाला असता. मी म्हटलं, मीठ थंड होत नाही म्हणून. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, थंड होणार नाही ते सगळं आधी. गरम ते शेवटी. दोनशे पानं, आठ वाढपी, आणि पंधराव्या मिनिटाला शेवटच्या पानावर तूप पडलंच पाहिजे. तू ते शाळेच्या वहीत लिहून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी मलाच येऊन सांगितलंस की दोन चटणीवाले एकमेकांना आडवे येतात, एकाने उलट्या बाजूने सुरुवात करावी. मी करून बघितलं. एक मिनिट वाचलं. गणू आचाऱ्याने तुला अख्खी जिलबी दिली. त्या जिलबीपायी तू अमेरिकेला आलीस असं मी लोकांना सांगतो.

पण एक गोष्ट तेव्हा तुला सांगायची राहिली. पंगत बसली की मुकादम आधी सगळ्या पानांवरून एकदा नजर फिरवतो. म्हातारं कोण आहे, तान्हं पोर मांडीवर घेऊन कोण बसलंय, कोणाला नीट दिसत नाही. त्यांची पानं आधी पुरी करायची. नाहीतर ती माणसं मागे पडतात, सगळी पंगत हात धुवायला त्यांची वाट बघते, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर ती अर्धपोटी उठतात. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बघून बघून कळलं. आणि तू मिठाच्या वाटीत रमलेली, म्हणून सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

गेल्या गणपतीला तू चार तास गाडी चालवत आलीस, गळ्यात सेकंद मोजायची दोन घड्याळं आणि हातात कागद लावायची ती पाटी. शाळेचा हॉल, तीन वाजता रिकामा करून द्यायचा, नाहीतर पुढच्या वर्षी मिळणार नाही. चारशे माणूस, एकच टेबल, एकच रांग. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मटकी, मसालेभात, वरण, श्रीखंड. मी वरणावर होतो. हातमोजे, डोक्याला जाळी, सर्कशीतला माणूस दिसत होतो. तू कोपऱ्यात उभी राहून एकेका ताटाला किती सेकंद लागतात ते टिपत होतीस. संध्याकाळी मामाच्या घरी चहा पिताना तू हसत म्हणालीस, "आजोबा, तुमचा आग्रह एका माणसामागे नऊ सेकंद खातो." सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, मला लागलं ते. घ्या हो अजून थोडं, पोटभर जेवलात का, असं म्हणत सत्तेचाळीस वर्षं वाढलं, आणि तू त्याला नऊ सेकंद म्हणालीस. मग अंथरुणावर पडल्या पडल्या विचार केला, की चारशे माणसांना नऊ सेकंद म्हणजे मागे उभी असलेली पोरंबाळं तेवढा वेळ उपाशी. तू बरोबर होतीस. पंगतीत माणूस बसलेला असतो, आग्रह त्याला होतो. रांगेत तो मागच्याच्या पोटावर होतो. मी ते मानलं. तुला बोललो नाही एवढंच.

त्या दिवशी अजून एक झालं. मंडळातल्या शुभाबाईंच्या ताटात वरण घालताना माझा डाव कलला आणि गरम वरण त्यांच्या मनगटावर गेलं. भाजलं थोडंसं. त्या उलट मलाच म्हणाल्या, "काका, माझाच हात हलला." त्यांचा हलला नव्हता. ताट बदललं, टेबल पुसलं, रांग थांबली, सगळे माना वाकड्या करून बघत होते. तेव्हापासून राजेशने मला वरणावरून काढलं आणि दारात खुर्ची दिली. येणाऱ्यांना नमस्कार करायचा. स्वागत समिती म्हणे. आठवड्याभराने टपालातून एक डबा आला. आत तो जाड मुठीचा चमचा, हात थरथरला तरी न सांडणारा. बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. पाकिटावर तुझं नाव. चमचा पोचला. सात महिन्यांनी सांगतोय.

गुढीपाडव्याला तू पुन्हा आलीस. तुझी नवी रचना चांगलीच होती, त्यात मी आजही खोट काढणार नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी रांगा, श्रीखंड आधीच वाट्यांत भरून ठेवलेलं, पुऱ्या शेवटी म्हणजे जागेवर बसेपर्यंत गरम राहतात, आणि दुसऱ्यांदा लागेल ते टेबलावर न मागता फिरत्या वाढप्याकडे मागायचं. म्हणजे आग्रहसुद्धा ठेवलास, फक्त जागेवर नेऊन ठेवलास. मला ते फार आवडलं. पण सकाळी हॉलच्या बाहेर तू गाडीतच बसून होतीस. मी काच वाजवली. तू म्हणालीस की कॉलेजातले सर म्हणालेत, ह्या वेळी फरक दिसला नाही तर प्रबंधातला हा भाग सगळा सोडून द्यायचा आणि शिक्षणाला अजून एक वर्ष. मग हसून म्हणालीस, "जाऊ दे हो, होईल." तुझी आई दहावीच्या निकालाच्या दिवशी असंच जाऊ दे म्हणाली होती, मला ते हसणं ठाऊक आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो. मी दारात होतो. तू आत घड्याळं लावत होतीस, रांग अजून सुरू व्हायची होती. आणि दारातून एकेक यायला लागले. काठीवाले, गुडघ्याला पट्टा बांधलेले, दोघं चाकांच्या खुर्चीतून आलेले, पोरांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. ताट धरायचं की काठी धरायची अशी माणसं. मी नजर फिरवली, सवयीने. आणि मला दिसलं की ह्यातला एकेक माणूस तुझ्या टेबलाशी अर्धं अर्धं मिनिट उभा राहणार आहे. तर मी काय केलं, त्यांना नमस्कार केला आणि म्हटलं, रांगेत कशाला उभे राहता, या, आत बसा. बाजूच्या संगीताच्या वर्गात नेऊन बसवलं. शुभाबाईंना मागच्या दाराने ताटं भरून द्यायला सांगितली. त्यांनी विचारलं, "नेत्राला माहितीये ना?" मी म्हटलं, हो. माणसं धरून आणत गेलो, शेवटी शेवटी तर लेकुरवाळ्या बायकांनाही आत घातलं. त्रेचाळीस माणसं जेवली, नेत्रा. तुझं घड्याळ सुरू व्हायच्या आत काही, आणि बाकीची तुझ्या पाठीमागे.

बाहेर हॉलमध्ये तुझी रांग पळत होती. तरणीताठी माणसं, दोन्ही हातांनी ताट धरणारी. सत्तर मिनिटांची रांग तीस मिनिटांत आटपली. ताटामागे सहा सेकंद. तू राजेशला टाळी दिलीस. आणि मग माझ्याजवळ आलीस, इकडे तिकडे बघितलंस आणि विचारलंस, "आजोबा, आज म्हातारी माणसं कमी दिसतात, नाही?" मी म्हटलं, बाहेर थंडी आहे. बस. तेवढं एक वाक्य. सत्तेचाळीस वर्षांत वाढताना मी शिळं ताजं म्हणून कधी वाढलं नाही, आणि तुला ते वाढलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि पाटीवर लिहून टाकलंस.

मला वाटलं होतं, ह्याने कोणाचं काय बिघडतंय. सगळे जेवले, हॉल पावणेतीनला रिकामा झाला, तुझं वर्ष वाचलं. महिनाभर मी खूश होतो. मग परवा तुझ्या आईचा, उल्काचा फोन. किती आनंदात होती. नेत्राचा आकडा एक वृद्धाश्रम घेणार आहे, जूनपासून तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये तीच पद्धत, सहा वाढणाऱ्यांच्या जागी चार पुरणार. मी विचारलं, किती माणसं जेवतात तिथे? म्हणाली, दीडशे, सगळी ऐंशीच्या पुढची. मी फोन निधीच्या हातात दिला आणि मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. तुझ्या त्या सहा सेकंदांत एकही म्हातारा नाही, नेत्रा. सगळे मी उचलून बाजूला ठेवले होते. आणि तोच आकडा आता नुसत्या म्हाताऱ्यांना लावणार. सहा सेकंदांत ताट पुढे गेलं नाही की तिथली पोरं काय करतील? घाई. ओरडणार नाहीत कदाचित, ही अमेरिका आहे, गोड हसून घाई करतील. आणि ती माणसं मान खाली घालून अर्धपोटी उठतील. मी ते बघितलंय. मिरजेत ज्यांना मी कधी तसं उठू दिलं नाही, त्यांना इथे मीच उठवणार, ते पण तुझ्या हाताने.

उल्काने अजून एक सांगितलं, तिला वाटलं मला बरं वाटेल. गणपतीच्या वेळी तुझ्या पाटीवर एका ताटाला अठ्ठावन्न सेकंद लागले होते. ते शुभाबाईंचं ताट. ते तू कागदावरून काढून टाकलंस. सरांना सांगितलंस की ती चुकीची नोंद आहे. ती चुकीची नव्हती. तो माझा हात होता. तू माझी लाज राखायला माझे सेकंद लपवलेस, मी तुझ्यासाठी माणसं लपवली. दोघांनी एकमेकांवर माया केली आणि घड्याळाला खोटं पाडलं. तुझी आजी असती तर म्हणाली असती, अक्कल दोघांना एकाच वाटीतून वाढलेली दिसते.

मी कागद वाया घालवून रडगाणं गाणार नाही. तीस तारखेला तो आकडा देऊ नकोस. सरांना माझं नाव सांग. मी बनवाबनवी केली, तुला ठाऊक नव्हतं, हे पत्रच त्यांना दाखव, कोणाकडून तरी वाचून घ्या म्हणावं. खाली सही करतोय. मागच्या पानावर त्या त्रेचाळीस जणांची नावं आहेत, कोण काठीवर होतं, कोणी काय दुसऱ्यांदा घेतलं तेही आहे. वाढप्याला ते आठवतं. वर्ष वाढलं तर वाढू दे. वर्ष म्हणजे काय, तू दोन वर्षं मिठावरच होतीस, मग कोशिंबिरीवर गेलीस. आणि एक सांगतो, पटलं तर घे. माझी त्या दिवशीची लबाडी लबाडीच होती, पण त्यात एक काम खरं होतं. आधी नजर फिरवायची, हळू माणसांना आधी बसवायचं, त्यांच्यापर्यंत ताट न्यायचं. तेवढ्याने ती माणसं निवांत जेवली आणि बाहेरची रांगही पळाली. मी ते लपून केलं म्हणून ते खोटं झालं. तू उघड कर, मोजून कर, त्यांचेही सेकंद लिही, तर खरं होईल. मग बघ त्या वृद्धाश्रमाला चार पुरतात का सहा, का आठ लागतात. आठ आले तर आठ सांग.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. मेच्या नऊ तारखेला मंडळाचं आमरसाचं जेवण आहे. मी राजेशला सांगून ठेवलंय की नेत्रा पुन्हा मोजायला येईल. दारातली खुर्ची मी सोडली. कोणाला बाजूला नेणार नाही, मागच्या दाराने काही जाणार नाही. मी ताट घेऊन रांगेत उभा राहणार आहे. जन्मात पहिल्यांदा टेबलाच्या त्या बाजूला. वाढपी शेवटी जेवतो, पण आता मी वाढपी नाही, हे मला गणपतीलाच कळलं होतं, कबूल करायला एप्रिल उजाडला. हात आता दोन्ही थरथरतात. गिरीशला माहीत नाही, तुला चमच्याच्या आधीपासून माहीत आहे. कालच निधी कामावर गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर भांडी मांडली, ताट धरलं, तो चुलीवरचा टायमर लावला आणि रांगेसारखा चालत गेलो. भाजी, भात, वरण, पुरी. तीन वेळा केलं. सव्वीस सेकंद, तिन्ही वेळा. तुझ्या कागदावर सहा आहेत. तर ये. तुझा चमचा मी सगळ्यांसमोर खिशातून काढणार आहे. मी टेबलाशी आलो की हात धरायला धावू नकोस, तोंड फिरवू नकोस, आणि नंतर खोडू नकोस. घड्याळ दाब आणि माझे सव्वीस सेकंद लिहून घे.

तुझाच,
आजोबा
(त्र्यंबक, वाढपी, मिरज)